डीएनएसएसईसीच्या किल्ल्या: बदलायच्या कशा आणि थांबायचं किती

शनिवारी सकाळी साडेआठला फोन आला. "साइट ऑफिसात उघडते, घरी कधी उघडते कधी नाही. मोबाइलवर तर बहुतेकांना दिसतच नाही." एका पतसंस्थेचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर, माझ्याकडे आहेत, तिथले आयटी बघणारे गृहस्थ बोलत होते. लॅपटॉप उघडून डिगने, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारायच्या आज्ञेने, साइटचा पत्ता विचारला. तीनदा विचारला, दोनदा सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही', असं आलं. मग तोच प्रश्न '+सीडी' लावून, म्हणजे रिझॉल्व्हरला (ग्राहकाच्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला) सही तपासू नकोस असं सांगून विचारला, तर दर वेळी पत्ता लगेच मिळाला. एवढ्यावरच निदान झालं. सर्व्हर चालू होता, पत्ता बरोबर होता, फक्त सहीची साखळी, म्हणजे डीएनएसचं उत्तर खरं आहे हे सिद्ध करणारी डीएनएसएसईसीची व्यवस्था, कुठेतरी तुटली होती. ऑफिसचा जुना रिझॉल्व्हर सह्या तपासतच नव्हता, म्हणून तिथे कुणाला काही जाणवलं नाही.

साखळी कशी तुटली आणि कशी जोडली ते पुढे बॅकअपच्या पायरीत सांगतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हा सगळा लेख तिच्यासाठीच आहे. डीएनएसएसईसीमध्ये गणित जवळजवळ कधीच चुकत नाही, चुकते ती वेळ. सही करायची नवी किल्ली बनवायला काही सेकंद लागतात. जुनी कधी काढायची हे मात्र तुमच्या सर्व्हरवर ठरत नाही. ते जगभरच्या रिझॉल्व्हरांच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तुमची जुनी उत्तरं किती वेळ पडून राहतात यावर ठरतं.

शब्दांबद्दल थोडं. आपण बोलताना 'की' म्हणतो, पण मराठीत लिहिताना तो 'की' वाक्यातल्या दुसऱ्या 'की'शी गोंधळ घालतो, म्हणून मी किल्ली लिहितो. आज्ञांची आणि रेकॉर्डांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. उदाहरणं बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत, कारण रोजचा हात त्यावर आहे. नॉट किंवा पॉवरडीएनएस वापरत असाल तर आज्ञा बदलतील, थांबण्याचे हिशेब तेच राहतील.

साखळी, थोडक्यात

झोनमधल्या, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नोंदींमधल्या, प्रत्येक रेकॉर्डसंचावर एक सही असते, तिला आरआरसिग म्हणतात. ती सही ज्या किल्लीने केली तिचा जाहीर भाग त्याच झोनमध्ये डीएनएसकी रेकॉर्ड म्हणून असतो. पण ती किल्ली खरंच तुमची, हे कोण सांगणार? ते वरचा झोन सांगतो. डॉट इन किंवा डॉट कॉममध्ये तुमच्या किल्लीचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला छोटा ठसा, डीएस रेकॉर्ड म्हणून ठेवलेला असतो. त्या झोनच्या किल्लीचा हॅश रूटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या झोनमध्ये, असतो. रूटची किल्ली रिझॉल्व्हरमध्ये आधीपासून बसवलेली असते.

परंपरेने किल्ल्या दोन ठेवतात. झेडएसके झोनमधल्या नोंदींवर सही करते. केएसके फक्त किल्ल्यांच्या संचावर सही करते, आणि डीएस तिचाच असतो. डीएनएसकी रेकॉर्डमध्ये २५६ हा फ्लॅग दिसला तर झेडएसके, २५७ दिसला तर केएसके. दोन्ही कामं एकाच किल्लीने करता येतात. तिला सीएसके म्हणतात, आणि तिचाही फ्लॅग २५७ असतो.

पायरी पहिली: कागदावर आकडे लिहा

किल्ली बनवायच्या आधी हे करा. मी खरोखर कागदावर लिहितो आणि तो कागद फाइलमध्ये ठेवतो.

पहिला आकडा डीएनएसकीच्या टीटीएलचा, म्हणजे ते उत्तर कॅशेत किती वेळ राहू शकतं त्याचा. बाइंडच्या धोरणात तो मुळात ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असतो. दुसरा तुमच्या झोनमधला सर्वांत मोठा टीटीएल, जो बऱ्याच ठिकाणी ८६४००, म्हणजे एक दिवस असतो. तिसरा वरच्या झोनमधल्या डीएसचा टीटीएल. हा तुमच्या हातात नसतो. डॉट कॉममध्ये तो ८६४०० आहे. तुमच्या डोमेनसाठी वरच्या झोनच्या नेमसर्व्हरला थेट विचारून पाहा. रिझॉल्व्हरला विचारलंत तर उलटा मोजला जाणारा, कमी झालेला आकडा दिसेल आणि हिशेब चुकेल. चौथा आकडा म्हणजे प्रायमरीवरचा (मूळ सर्व्हरवरचा) बदल सगळ्या सेकंडरींवर (त्याची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरांवर) पोचायला लागणारा वेळ. तो अंदाजाने लिहू नका. झोनचा सीरियल, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, वाढवून घड्याळ लावून मोजा.

हे चार आकडे हाताशी असले की पुढचं सगळं बेरीज-वजाबाकीचं काम आहे.

पायरी दुसरी: धोरण ठरवा आणि फाइलीत लिहा

अल्गोरिदम १३ घ्या, म्हणजे पी-२५६ वक्रावरचा ईसीडीएसए. त्याची सही ६४ बाइटची, तर २०४८ बिटांच्या आरएसएची २५६ बाइटची. उत्तरं लहान राहिली की यूडीपीच्या एका पॅकेटमध्ये मावतात, तुकडे पडत नाहीत. अल्गोरिदम ८, म्हणजे एसएचए-२५६ सोबतचा आरएसए, अजून चालतो, पण नव्या डोमेनसाठी तो निवडायला मला कारण दिसत नाही. ५ आणि ७ मध्ये एसएचए-१ आहे. कुठे सापडले तर बदलण्याची तयारी सुरू करा.

एक किल्ली ठेवायची की दोन? केएसके एचएसएममध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या वेगळ्या यंत्रात, किंवा ऑफलाइन तिजोरीत ठेवणार असाल तर दोन ठेवा, कारण त्या विभागणीचा खरा उपयोग तिथेच होतो. दोन्ही किल्ल्या एकाच सर्व्हरच्या एकाच फोल्डरमध्ये राहणार असतील तर चोर दोन्ही एकदमच नेईल. अशा ठिकाणी मी एकच सीएसके ठेवतो. बाइंडचं मूळ धोरणही हेच आहे: अल्गोरिदम १३ ची एक सीएसके, आयुष्य अमर्याद.

अमर्याद आयुष्य वाचून काहींना धडकी भरते. दर महिन्याला किल्ली बदलणं म्हणजे सुरक्षा, असा समज जुना आहे. तो लहान आरएसए किल्ल्यांच्या काळातला. आज लहान संस्थेच्या डोमेनला किल्ली फुटण्यापेक्षा किल्ली बदलताना होणाऱ्या चुकीचा धोका जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र किल्ली बदलता यायला हवी. म्हणून वर्षातून एकदा एखाद्या बिनमहत्त्वाच्या डोमेनवर पूर्ण रोलओव्हर, म्हणजे किल्लीबदल, हाताने करून बघा, घाईच्या दिवशी तो सराव कामाला येतो.

बाइंड ९.१६ पासून 'डीएनएसएसईसी-पॉलिसी' हा विभाग मिळतो. मूळ धोरणावर विसंबू नका, स्वतःचं नाव देऊन धोरण लिहा. आवृत्ती बदलली आणि मूळ आकडे बदलले तर तुमच्या नकळत किल्ल्या फिरायला लागतील. धोरणात किल्लीचा प्रकार, अल्गोरिदम, डीएनएसकीचा टीटीएल, सर्वांत मोठा टीटीएल, वरच्या झोनच्या डीएसचा टीटीएल, सेकंडरींना लागणारा वेळ आणि सह्यांची मुदत लिहा. कागदावरचे आकडे इथे उतरतात.

सह्यांची मुदत मुळात १४ दिवस असते आणि संपायला ५ दिवस उरले की बाइंड पुन्हा सही करतं. म्हणजे सही करणारा सर्व्हर गप्प बसला तर तुमच्या हातात किमान पाच दिवस असतात. दिवाळीच्या सुट्ट्या, त्याला जोडून शनिवार-रविवार, आणि बघणारा माणूस एकच, अशी तुमची गत असेल तर पाच दिवस अपुरे आहेत. मी मुदत २८ दिवस आणि नूतनीकरण १० दिवस आधी असं ठेवतो. झोनच्या एसओए रेकॉर्डमधली 'एक्स्पायर' मुदत (संपर्क तुटल्यावर सेकंडरीने किती काळ उत्तर द्यायचं ती) या उरलेल्या दिवसांपेक्षा कमी ठेवा, म्हणजे प्रायमरीशी संपर्क तुटलेली सेकंडरी शिळ्या सह्या वाटत बसणार नाही.

'हे नाव अस्तित्वातच नाही' हे सिद्ध करण्यासाठी एनसेक हा रेकॉर्ड पुरतो. झोनची सगळी नावं कुणी मोजू नयेत असं वाटत असेल तर एनसेक३ घ्या, त्यात नावांऐवजी हॅश असतात, पण हॅशच्या जास्तीच्या फेऱ्या शून्य आणि सॉल्ट (हॅशमध्ये मिसळायची जादा अक्षरं) रिकामं ठेवा.

झोन आधीच जुन्या पद्धतीने साइन केलेला असेल तर तिथे नवं धोरण थेट लावू नका. आधी सध्याच्या किल्ल्यांशी तंतोतंत जुळणारं धोरण लिहा: तोच अल्गोरिदम, तितक्याच लांबीच्या, तितक्याच किल्ल्या. ते लावून बाइंडच्या 'आरएनडीसी डीएनएसएसईसी -स्टेटस' या आज्ञेत सगळं स्थिर दिसेपर्यंत थांबा, आणि मगच बदल करा. नाहीतर बाइंडला जुन्या किल्ल्या धोरणाबाहेरच्या वाटतात आणि ते त्या बदलायला घेतं.

पायरी तिसरी: सही सुरू करा, डीएस शेवटी

खाजगी किल्ल्या ज्या सर्व्हरवर राहतील तो जगाला दिसू नये. तो आड ठेवा आणि लोकांना उत्तरं सेकंडरींकडून जाऊ द्या. किल्ल्यांचा फोल्डर फक्त नेमसर्व्हरच्या युजरलाच वाचता यावा. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने लावलेलं असू द्या, कारण प्रत्येक सहीवर सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते.

झोनला धोरण लावून लोड केलंत की किल्ली तयार होते, सह्या होतात. आता प्रत्येक सेकंडरीला वेगवेगळं विचारा: डीएनएसकी आहे का, तिच्यावर आरआरसिग आहे का, साध्या रेकॉर्डवर आहे का, नसलेलं नाव विचारलं तर एनसेक सहीसकट येतो का, आणि झोनमध्ये ताऱ्याचं रेकॉर्ड (वाइल्डकार्ड) असेल तर त्याचं उत्तर बरोबर येतं का? यातलं एकही राहिलं असेल तर पुढे जाऊ नका. अजून डीएस दिलेला नाही, म्हणजे अजून काहीही बिघडू शकत नाही. ही निवांत वेळ पुन्हा मिळत नाही.

सगळ्या सेकंडरींवर सह्या पोचल्या, त्यावर झोनमधला सर्वांत मोठा टीटीएल उलटला, की डीएस द्या. आधीची बिनसहीची उत्तरं कुणाच्या कॅशेत उरलेली असतील तर ती एव्हाना गेलेली असतात.

डीएसमध्ये चार भाग असतात: किल्लीचा टॅग (ओळख क्रमांक), अल्गोरिदमचा क्रमांक, हॅशचा प्रकार आणि हॅश. प्रकार २ घ्या, म्हणजे एसएचए-२५६. त्याचा हॅश ६४ अक्षरांचा असतो. चेक, स्वीस आणि स्वीडिश रजिस्ट्री झोनमधला सीडीएस रेकॉर्ड वाचून डीएस आपोआप बदलतात. आपल्याकडे बहुतेक वेळा रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, पॅनेलमध्ये हातानेच भरावा लागतो. तिथे तीन चुका मी वारंवार पाहिल्या आहेत. ड्रॉपडाउनमध्ये अल्गोरिदम ८ आधीच निवडलेला असतो आणि तो तसाच राहतो. हॅश चिकटवताना शेवटची दोन-चार अक्षरं कापली जातात. आणि दोन डोमेनांच्या खिडक्या शेजारी उघड्या असताना एकाचा डीएस दुसऱ्यात जातो. म्हणून चिकटवल्यावर अक्षरं मोजा, पहिली सहा आणि शेवटची सहा मोठ्याने वाचा. शेजारी कुणी असेल तर त्याला फाइलीत बघायला बसवा.

डीएस वरच्या झोनच्या सगळ्या नेमसर्व्हरवर दिसला की बाइंडला कळवा: 'आरएनडीसी डीएनएसएसईसी -चेकडीएस पब्लिश्ड'. तुम्ही कळवेपर्यंत, किंवा वरचा झोन स्वतः तपासण्याची सोय चालू करेपर्यंत, बाइंड वाट बघत राहतं. मग बाहेरच्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरला विचारून उत्तरात 'एडी', म्हणजे सही तपासून खरी ठरल्याचा, फ्लॅग आला का ते बघा. डीएनएसव्हिझ या संकेतस्थळावर डोमेन टाकलं तर साखळीचं चित्र मिळतं. ते कागदासोबत ठेवून द्या.

पायरी चौथी: झेडएसके बदलणं

दोन किल्ल्या ठेवल्या असतील तरच ही पायरी. यात वरच्या झोनला हात लावावा लागत नाही.

नवी किल्ली आधी नुसती जाहीर होते, तिने केलेली सही कशावरच नसते. डीएनएसकीचा टीटीएल आणि सेकंडरींचा वेळ उलटू द्यायचा, म्हणजे प्रत्येक कॅशेत नवी किल्ली पोचते. मग नव्या किल्लीने सही सुरू करायची, जुनी मात्र झोनमध्ये तशीच राहू द्यायची, कारण जुन्या किल्लीच्या सह्या अजून कॅशेत आहेत. शेवटची जुनी सही बदलल्यावर झोनमधला सर्वांत मोठा टीटीएल उलटला की जुनी काढायची. धोरणात आकडे बरोबर असतील तर बाइंड हे सगळं स्वतः करतं.

टॅगवर मात्र लक्ष ठेवा. तो १६ बिटांचा असतो, म्हणजे पासष्ट हजार आणि काही शेकडे इतक्याच शक्यता. दोन किल्ल्यांना एकच टॅग येणं दुर्मीळ असलं तरी अशक्य नाही. ३० जानेवारी २०२४ ला रशियाचा डॉट आरयू हा अख्खा झोन तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांना अवैध दिसू लागला, त्यामागे झेडएसके बदलताना जुळलेला टॅग होता. किल्ल्या स्वतःच्या स्क्रिप्टने बनवत असाल तर टॅग जुळत नाही ना, हे तपासणारी एक ओळ त्यात घाला.

पायरी पाचवी: केएसके किंवा सीएसके बदलणं

आता वरचा झोन मध्ये येतो, आणि वेळ खरोखर मोजावी लागते. आमच्याकडे चाललेलं वेळापत्रकच देतो. डीएनएसकीचा टीटीएल एक तास, सेकंडरींना १५ मिनिटं, डीएसचा टीटीएल एक दिवस.

सोमवारी सकाळी १० वाजता 'आरएनडीसी डीएनएसएसईसी -रोलओव्हर' दिलं. नवी किल्ली झोनमध्ये आली आणि किल्ल्यांच्या संचावर जुन्या-नव्या दोघींच्या सह्या झाल्या. सव्वाअकरापर्यंत सगळ्या कॅशेत नवा संच. त्यावर तासभर सैल सोडला, सव्वाबारा. तरी त्या दिवशी रजिस्ट्रारच्या पॅनेलला हात लावला नाही. मंगळवारी सकाळी नवा डीएस भरला, जुना काढला नाही. दुपारी साडेबाराला तो वरच्या सगळ्या नेमसर्व्हरवर दिसला. बुधवारी दुपारनंतर, म्हणजे एक दिवसाचा टीटीएल उलटल्यावर, जुना डीएस काढला आणि तो नाहीसा झालेला पाहिल्यावर बाइंडला 'विथड्रॉन' कळवलं. शुक्रवारी जुनी किल्ली झोनमधून गेली.

नवा डीएस घालणं आणि जुना काढणं एकाच वेळी केलं तरी नियमात बसतं, कारण झोनमध्ये दोन्ही किल्ल्या आहेत. मी तरीही एक दिवस जास्त घेतो. नव्या डीएसमध्ये टायपिंगची चूक झाली असेल तर जुना डीएस साखळी धरून ठेवतो, कारण रिझॉल्व्हरला एक खरी वाट सापडली की पुरते. चूक लक्षात येते आणि ग्राहकाला काही कळायच्या आत दुरुस्तही होते.

अल्गोरिदम बदलायचा असेल, समजा ८ वरून १३ वर, तर क्रम थोडा वेगळा. आधी अख्ख्या झोनवर नव्या अल्गोरिदमच्या सह्या पोचायला हव्यात, नवी किल्ली त्यानंतर दिसली तर सर्वांत सुरक्षित. काढताना क्रम उलट. हे हाताने करू नका. धोरणातली अल्गोरिदमची ओळ बदला आणि बाइंडला करू द्या.

पायरी सहावी: बॅकअप, आणि त्या शनिवारची गोष्ट

त्या पतसंस्थेच्या झोनची केएसके आम्ही तीन आठवड्यांपूर्वी बदलली होती. सगळं नीट पार पडलं होतं. शुक्रवारी रात्री प्रायमरीची डिस्क गेली आणि होस्टिंगवाल्यांनी तत्परतेने स्नॅपशॉट परत चढवला. तो स्नॅपशॉट पाच आठवड्यांपूर्वीचा होता. त्यात जुनी केएसके होती, नवीचा मागमूस नव्हता. सर्व्हर चालू झाला, जुन्या किल्लीने सह्या केल्या आणि उत्तरं द्यायला लागला. वरच्या झोनमधला डीएस मात्र नव्या किल्लीचा, आणि त्या किल्लीचा खाजगी भाग आता कुठेच नव्हता.

घाईत मी डीएस बदलायलाच निघालो होतो. पण तीनातलं एक उत्तर बरोबर येत होतं, ते कुठून, हा प्रश्न मनातून जाईना. दोन्ही नेमसर्व्हरना वेगवेगळं विचारलं. सेकंडरी बिनचूक होती. स्नॅपशॉटमधल्या झोनचा सीरियल जुना, लहान. सेकंडरीकडचा मोठा. त्यामुळे सेकंडरीने प्रायमरीकडून प्रत घेतलीच नव्हती, आणि तिच्याकडे नव्या किल्लीच्या वैध सह्यांसकट पूर्ण झोन शाबूत होता. सह्यांची मुदत पाहिली, पाच दिवसांहून जास्त शिल्लक होती.

मग पहिलं काम केलं ते प्रायमरीने जगाला उत्तर देणं थांबवण्याचं. काही मिनिटांत सगळे प्रश्न सेकंडरीकडे वळले आणि साइट दिसायला लागली. त्यानंतर रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये, असलेला डीएस तसाच ठेवून, स्नॅपशॉटमधल्या जुन्या किल्लीचा डीएस दुसरा म्हणून घातला. तो सगळीकडे दिसल्यावर एक दिवस आणि वर काही तास थांबलो. सोमवारी प्रायमरीचा सीरियल सेकंडरीपेक्षा पुढे नेला आणि तिला कामावर घेतलं. झेडएसके मधल्या काळात बदललेली नव्हती, त्यामुळे कॅशेतला जुना संच आणि नवा संच दोन्ही चालले. मंगळवारी हरवलेल्या किल्लीचा डीएस काढला. सोमवार-मंगळवारी कुणाचा एक फोन आला नाही.

तेव्हापासूनचे नियम असे. किल्ल्यांच्या फोल्डरचा बॅकअप सर्व्हरच्या स्नॅपशॉटपासून वेगळा, कूटबद्ध, आणि प्रत्येक रोलओव्हरच्या दिवशीच घ्यायचा. बाइंडमध्ये प्रत्येक किल्लीच्या तीन फाइली असतात: जाहीर, खाजगी आणि स्थितीची. स्थितीची फाइल घ्यायला लोक विसरतात. ती नसेल तर बाइंडला किल्ली कोणत्या टप्प्यावर होती हे नीट कळत नाही. आणि प्रायमरी पुनर्स्थापित केल्यावर नेमसर्व्हर लगेच चालू करायचा नाही. आधी फोल्डरमधल्या किल्लीचा टॅग आणि वरच्या झोनमधल्या डीएसचा टॅग शेजारी ठेवून बघायचे. होस्टिंगवाल्यांनाही हे लेखी देऊन ठेवलं आहे.

किल्ली हरवली नाही, चोरीला गेली असा संशय आला तर? त्याही वेळी घाईने डीएस किंवा किल्ली उपटू नका. चोराला त्या किल्लीचा उपयोग करायला खोटी उत्तरंही तुमच्या ग्राहकांपर्यंत पोचवावी लागतात. तुम्ही साखळी तोडलीत तर मात्र डोमेन त्याच क्षणी सगळ्यांसाठी बंद. नवी किल्ली लगेच बनवा, पाचव्या पायरीचा क्रम पाळा, फक्त सैल सोडलेले तास कापा. आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवरून गेली तो आधी स्वच्छ करा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.

पायरी सातवी: पहारा

रोज चार तपासण्या आपोआप व्हाव्यात: वरच्या झोनमधला डीएस तुमच्या एखाद्या किल्लीशी जुळतो का, प्रत्येक नेमसर्व्हरवरच्या सह्यांचे किती दिवस उरलेत, सगळ्यांचा सीरियल एक आहे का, आणि बाहेरच्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरकडून 'एडी' येतो का. सह्यांच्या दिवसांचा इशारा नूतनीकरणाच्या आकड्याच्या जरा खाली लावा. दहा दिवस आधी सही नवी व्हायला हवी आणि आठच उरलेत, म्हणजे काहीतरी अडलंय आणि हातात अजून आठवडा आहे. इशारा डोमेनवरच्या ईमेलला पाठवू नका. डोमेन पडलं तर तो ईमेलही पडतो.

पायरी आठवी: बंद करणं किंवा दुसरीकडे हलवणं

माझ्या पाहण्यातल्या सर्वांत जास्त मोडतोडी इथल्या. कुणीतरी स्वस्त होस्टिंग बघून नेमसर्व्हर बदलतं, डीएस तसाच राहतो, नव्या जागी सह्या नाहीत, आणि डोमेन अंधारात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत डॉट बँक डॉट इन डोमेनवर यायला सांगितलं. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकाही त्यात आल्या. अशा स्थलांतरानंतर जुनं डोमेन काही काळ नव्याकडे वळवायला चालू ठेवतात. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण ग्राहकाच्या पासबुकावर पत्ता त्याचाच छापलेला असतो. त्याच्या किल्ल्याही पहाऱ्यात ठेवा.

डीएनएसएसईसी बंद करायचा क्रम चालू करण्याच्या बरोबर उलट. आधी डीएस काढा. तो वरच्या सगळ्या नेमसर्व्हरवरून गेल्यावर डीएसचा टीटीएल पूर्ण उलटू द्या. तोवर सह्या तशाच. मग धोरणाच्या जागी बाइंडचं 'इनसिक्युअर' हे तयार धोरण लावा, ते सह्या आणि किल्ल्या शिस्तीत काढतं.

३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅकला हेच महागात पडलं. ताऱ्याच्या रेकॉर्डांच्या उत्तरांमध्ये त्यांच्या डीएनएस सेवेत दोष होता, त्यामुळे डीएस दिल्यावर काही ग्राहकांना अडचण यायला लागली. त्यांनी डीएस काढला आणि पाठोपाठ झोनच्या सह्याही बंद केल्या. पण काढलेला डीएस जगभरच्या कॅशेत २४ तासांसाठी बसलेला होता. त्या रिझॉल्व्हरांना आता सही हवी होती आणि ती कुठेच नव्हती. शेवटी मोठ्या रिझॉल्व्हरवाल्यांना कॅशे रिकामा करा म्हणून विनवावं लागलं. तिसऱ्या पायरीत ताऱ्याच्या रेकॉर्डाची तपासणी मी मुद्दाम घातली, ती या घटनेमुळे.

पायरी नववी: रूटची किल्ली बदलते आहे

तुम्ही रिझॉल्व्हरही चालवत असाल तर ही पायरी टाळू नका. रूट झोनवर पहिल्यांदा सही झाली १५ जुलै २०१० ला. त्याची केएसके आजवर एकदाच बदलली आहे, ११ ऑक्टोबर २०१८ ला. तो बदल मुळात वर्षभर आधी व्हायचा होता, पण बऱ्याच रिझॉल्व्हरांकडे नवी किल्ली पोचलेली नाही असं दिसल्याने पुढे ढकलला. जगातल्या सर्वांत जपलेल्या किल्लीच्या सांभाळकर्त्यांनीही एक वर्ष थांबणं पसंत केलं, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

ती किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी, कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातल्या कल्पेपरला, तिजोरीतल्या यंत्रांत राहते. वर्षातून चार वेळा समारंभ भरतो. जगभरातून निवडलेले विश्वस्त आपापल्या चाव्या घेऊन येतात, सातांपैकी तिघं हजर असले तरच यंत्र चालू होतं, आणि सगळं थेट प्रक्षेपित होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोच्या एका तिजोरीचं कुलूपच उघडेना. समारंभ काही दिवस पुढे गेला आणि कुलूप ड्रिलने फोडावं लागलं. तुमची कूटबद्ध पेनड्राइव्ह कपाटात असेल तर ती उघडण्याचा पासफ्रेज दुसऱ्या कुणाला माहीत आहे, हे आजच विचारून ठेवा.

सध्याच्या रूट केएसकेचा टॅग २०३२६ आहे. २०२४ मध्ये बनवलेल्या नव्या किल्लीचा टॅग ३८६९६. ती ११ जानेवारी २०२५ पासून रूट झोनमध्ये दिसते आहे आणि ठरल्याप्रमाणे ११ ऑक्टोबर २०२६ पासून तिच्या सह्या सुरू व्हायच्या आहेत. रिझॉल्व्हर नवी किल्ली सलग ३० दिवस पाहिल्यावरच तिच्यावर विश्वास ठेवतो आणि तसं आपल्या फाइलीत लिहून ठेवतो. अडचण तिथेच येते. फाइल लिहिण्याची परवानगी नसते, किंवा कंटेनर दर रात्री नव्याने उभा राहतो आणि ३० दिवसांची मोजणी रोज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

म्हणून अनबाउंड हा रिझॉल्व्हर असेल तर रूट किल्लीची फाइल उघडा, बाइंड असेल तर 'आरएनडीसी मॅनेज्ड-कीज स्टेटस' चालवा, आणि ३८६९६ समोर ती विश्वासू ठरल्याची नोंद आहे का ते बघा. नसेल तर फाइलीचा मालक, फोल्डरची परवानगी आणि कंटेनरची डिस्क या तीन गोष्टी याच क्रमाने तपासा. कंटेनर रोज नव्याने उभा राहत असेल तर ती फाइल टिकणाऱ्या डिस्कवर न्या, किंवा दोन्ही किल्ल्या असलेली नवी इमेज बनवा. मग रिझॉल्व्हर पुन्हा सुरू करून तीच नोंद टिकली आहे का, हे पाहा.